वेताळाची बोली

वेताळ मला पहिल्यांदा भेटला तो पंचवीस पैसे भाड्याने. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सायकलचं दुकान होतं. तिथे पंपाच्या वर दोरी बांधून इंद्रजाल कॉमिक्स वाळत घातल्यासारखी लटकवलेली असत. टाइम्स ऑफ इंडियाने १९६४ साली सुरू केलेली ही मालिका मराठीतही निघायची. १९९० साली ती बंद पडली. ली फॉकच्या मूळ गोष्टीतला बंगाला देश इथे येताना डेंकाली झाला होता, हे मला फार उशिरा कळलं. पुढे मी पैसे साठवून पन्नासएक अंक विकत घेतले. दहावीच्या वर्षी अब्बांनी तो सगळा गठ्ठा रद्दीवाल्याच्या तराजूत टाकला. गणितात मिळालेले गुण बघता त्यांना दोष देता येत नाही.

ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली, की न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या भाच्याने ती मनावर घेतली. एके दिवशी त्याचा फोन आला. "मामू, इथे लिलावात वेताळाचा अंक आलाय. गोल्ड की कंपनीचा, पहिला, १९६२ चा. घेऊ का तुमच्यासाठी?" मी विचारलं, "कितीला?" तो म्हणाला, "ते तर शेवटी कळणार!" तेव्हापासून हे लिलाव कसे चालतात ते समजून घेण्याचा मला नाद लागला.

आपल्याकडे लिलाव म्हटलं की डोळ्यांसमोर मार्केट यार्ड येतं. कुठे "एक वार, दोन वार, तीन वार" असा पुकारा, तर कुठे रुमालाखाली बोटं दाबून ठरणारा भाव. अमेरिकेतले कॉमिक्सचे लिलाव बहुतेक संगणकाच्या पडद्यावरच होतात. डॅलसचं हेरिटेज आणि न्यूयॉर्कचं कॉमिककनेक्ट ही तिथली मोठी नावं. सदबीजने १९९१ साली न्यूयॉर्कमध्ये कॉमिक्सचा खास लिलाव भरवला, तेव्हा लोकांनी भुवया उंचावल्या होत्या. आता आकडे ऐकूनच भुवया खाली येत नाहीत. नोव्हेंबर २०२५ मध्ये सुपरमॅनचा १९३९ चा पहिला अंक हेरिटेजमध्ये ९१ लाख २० हजार डॉलरना गेला. तीन भावांना तो आईच्या घरच्या माळ्यावर, जुन्या वर्तमानपत्रांत सापडला होता. त्यांच्या आईने रद्दीवाल्याला हाक मारली नाही, एवढाच त्यांच्यात आणि माझ्यात फरक.

पण वर्तमानपत्रात छापून येणारा हा आकडा म्हणजे बोली नव्हे, आणि नव्या माणसाचा पाय पहिल्यांदा घसरतो तो इथेच. बॅटमन पहिल्यांदा आला तो 'डिटेक्टिव्ह कॉमिक्स'चा २७ वा अंक. त्याची एक प्रत फेब्रुवारी २०१० मध्ये १० लाख ७५ हजार ५०० डॉलरना गेली. हा असा अवघडलेला आकडा कुठून आला? हातोडा पडला होता ९ लाखांवर. त्यावर खरेदीदाराने घराला द्यायचे साडेएकोणीस टक्के, म्हणजे १ लाख ७५ हजार ५०० डॉलर. याला 'बायर्स प्रीमियम' म्हणतात. आपल्या भाषेत सरळ अडत. ही अडत खरेदीदाराकडून घ्यायची प्रथा लंडनच्या मोठ्या लिलावघरांनी १९७५ साली सुरू केली, तेव्हा व्यापाऱ्यांनी बराच आरडाओरडा केला होता. २०१६ साली आपल्याकडे भाजी-फळांची अडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा बाजार समित्यांत झालेला गोंधळ अनेकांना आठवत असेल. अडत कोणी द्यायची, हे भांडण डॅलसमध्ये आणि वाशीत सारखंच.

म्हणून खिशात तीनशे डॉलर असतील आणि अडत वीस टक्के असेल, तर बोली अडीचशेवर थांबवायची. शिवाय राज्याचा विक्रीकर आणि टपालखर्च. काही घरांत स्वस्त वस्तूवरही किमान ठरावीक अडत लागते. चाळीस डॉलरचा अंक मग दुपटीच्या आसपास जाऊन बसतो.

दुसरा नियम ऐकायला गुंतागुंतीचा, पण मला फार आवडला. तुम्ही तुमची कमाल रक्कम आधीच सांगून ठेवायची. समजा पाचशे. संगणक ते कोणाला सांगत नाही. समोरचा तीनशेवर थांबला, तर तो तुमच्या वतीने फक्त एक पायरी वर, म्हणजे तीनशेवीस किंवा तीनशेतीस असं म्हणतो आणि गप्प बसतो. पायऱ्या ठरलेल्या असतात. रक्कम वाढली की पायरीही उंच होते. दोघांची कमाल रक्कम सारखीच निघाली, तर जो आधी आला त्याचा माल. आपल्या वतीने बोलणारा असा मितभाषी नोकर मिळायला भाग्य लागतं. मात्र दोन हट्टी माणसांनी मोठे आकडे लिहून ठेवले, की त्यांचे नोकर क्षणात एकमेकांना शिखरावर नेऊन सोडतात. मालक तेव्हा झोपलेले असतात.

आता माझ्या भाच्याची फजिती. त्याला ई-बेची सवय. तिथे घड्याळ संपलं की लिलाव संपला, म्हणून जाणते लोक शेवटच्या काही सेकंदांत बोली टाकतात आणि इतरांना उत्तर द्यायला वेळच ठेवत नाहीत. भाच्यानेही तेच करायचं ठरवलं होतं. पण हे घर वेगळं होतं. तिथे ठरलेल्या वेळेनंतर लिलाव लांबतो. प्रत्येक नव्या बोलीबरोबर अर्ध्या तासाचं घड्याळ पुन्हा सुरू होतं आणि अर्धा तास कोणीच बोललं नाही तरच माल सुटतो. हे त्याने वाचलं होतं, म्हणून तो आणखी निर्धास्त झाला. पुढचं वाक्य मात्र त्याने वाचलं नव्हतं. या वाढीव वेळेत फक्त तेच बोलू शकतात, ज्यांनी त्या वस्तूवर आधी निदान एकदा तरी बोली लावलेली आहे.

आमच्याकडे सकाळ होती. मी चहा घेऊन फोनवर. दोनशेदहाचे दोनशेवीस झाले, दोनशेतीस झाले. भाचा कळ दाबतोय आणि पडदा त्याला आत घेत नाही. लग्नाच्या मांडवाबाहेर उभं राहून पंगत बघावी तसं आम्ही दोघांनी तो अंक तीनशेदहाला जाताना बघितला. भाचा चिडला होता. मला मात्र नियम न्याय्य वाटला. दबा धरून बसणाऱ्यापेक्षा आधी दारात येऊन नाव सांगणाऱ्याला मान, यात चूक काय?

आता खास गिऱ्हाइकांविषयी. नव्या माणसाला मोठी बोली लावायची तर आधी ओळख पटवावी लागते, दुसऱ्या व्यापाऱ्याचा हवाला किंवा अनामत द्यावी लागते. जुन्याला हे सगळं माफ. त्याला जाडजूड रंगीत कॅटलॉग फुकट घरपोच येतो, माल आधी हाताळायला मिळतो, मोठ्या वस्तूसाठी घराचा माणूस फोनवर बसून त्याच्यासाठी बोली लावतो. पैसे हप्त्याने, कधी बिनव्याजी देता येतात. विकणारा बडा असेल तर आणखी गंमत. त्याच्याकडून दलाली घेत नाहीत, उलट खरेदीदाराकडून मिळालेल्या अडतीतला वाटाही त्याला देतात. आता हा वाटा कुठून आला? शंभर-दोनशे डॉलरच्या गिऱ्हाइकांनी विनातक्रार भरलेल्या वीस टक्क्यांतच याची सोय झालेली असते, असं माझं मत आहे.

या सवलतींत सगळ्यांत गोड आणि सगळ्यांत घातक म्हणजे उधारी. १९८७ साली सदबीजमध्ये व्हॅन गॉगचं 'आयरिसेस' हे चित्र ५ कोटी ३९ लाख डॉलरना गेलं आणि जग थक्क झालं. घेणारे होते ऑस्ट्रेलियाचे उद्योगपती ॲलन बाँड. मागाहून कळलं, की जवळपास निम्मी रक्कम लिलावघरानेच त्यांना कर्जाऊ दिली होती आणि ती त्यांना फेडता आली नाही. १९९० मध्ये चित्र गेटी संग्रहालयाकडे गेलं आणि सदबीजला कर्जाचे नियम बदलावे लागले. विकणाऱ्यानेच घेणाऱ्याला पैसे दिले, तर त्या भावाला भाव म्हणायचं का? भाच्यालाही दोन-चार खरेदीनंतर पसंतीचा ग्राहक असल्याचं पत्र आलं, पैसे द्यायला तीन महिन्यांची मुदत देणारं. आपा त्याला म्हणाली, "ते पत्र आधी बायकोला दाखव."

वर्षभराने तोच अंक दुसऱ्या कोणाचा विक्रीला आला. या वेळी भाच्याने पहिल्याच दिवशी हजेरीपुरती छोटी बोली लावून ठेवली. हातोडा दोनशेसाठवर पडला, अडतीसह तीनशेबारा, कर आणि टपाल धरून साडेतीनशेच्या घरात. आपा परत येताना तो कपड्यांच्या घडीत घालून घेऊन आली.

अंक जाड पारदर्शक प्लॅस्टिकच्या पेटीत कायमचा बंद केलेला आहे. वर दर्जाचा आकडा. सीजीसी नावाची कंपनी २००० सालापासून असे दहापैकी गुण देऊन अंक बंद करते. पेटी फोडली की ते गुण गेले आणि गुणांबरोबर भावही. मुखपृष्ठावरचा वेताळ दिसतो, आतलं एक पानही उलटता येत नाही. भाचा दर फोनला विचारतो, "मामू, फोडली का?" अजून नाही. कात्री मात्र मी त्याच कप्प्यात ठेवली आहे.