पाबळचं वर्कशॉप आणि आपल्या आश्रमशाळा

नाशिकहून पुण्याकडे निघालं की सिन्नर, संगमनेर, आळेफाटा, मंचर मागे पडतं आणि राजगुरुनगर येतं. तिथून पूर्वेला आत शिरलं की शिरूर तालुक्यातलं पाबळ लागतं. इतिहासाच्या वाचकांना हे गाव मस्तानीच्या समाधीमुळे ठाऊक असतं. शिक्षणात रस असणाऱ्यांना ते विज्ञान आश्रमामुळे ठाऊक असायला हवं, पण तसं फारसं दिसत नाही. दहावीला नापास झालेल्या, आठवी-नववीत शाळा सोडलेल्या पोरांना हाताशी धरून 1983 पासून इथे विज्ञान शिकवलं जातं. तेही फळ्यावर नाही, वर्कशॉपमध्ये.

संस्थापक डॉ. श्रीनाथ कलबाग. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठातून पीएच.डी., मग म्हैसूरची सीएफटीआरआय ही अन्नतंत्रज्ञान संशोधन संस्था, पुढे हिंदुस्थान लिव्हरच्या मुंबईतल्या संशोधन केंद्रात अभियांत्रिकी विभागाचे प्रमुख. पंचावन्नच्या आसपास, म्हणजे माणूस फ्लॅट आणि फंडाचा हिशेब मांडतो त्या वयात, ते पत्नी मीराताईंसह या अवर्षणग्रस्त गावात येऊन राहिले. मागे संस्था होती पुण्याची भारतीय शिक्षण संस्था, म्हणजे जे. पी. नाईक आणि चित्रा नाईक यांची. जे. पी. हे कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव. त्या आयोगाने 1966 च्या अहवालात शाळेत कार्यानुभव हवा असं बजावलं होतं. आपल्या शाळांनी त्या कार्यानुभवाचं काय केलं हे पन्नाशीच्या आतबाहेरच्या प्रत्येक वाचकाला आठवत असेल: पुठ्ठ्याचा पेनस्टँड, आइस्क्रीमच्या काड्यांची झोपडी, आणि परीक्षेच्या आदल्या रात्री ते सगळं करून देणारे आईवडील. आयोगाला काय अभिप्रेत होतं ते बघायचं तर पाबळला जावं.

कलबागांचं म्हणणं साधं होतं. मूल शाळेत येण्याआधी चालायला, बोलायला, झाडावर चढायला शिकतं ते करून बघत, चुकत आणि गरज पडली म्हणून. शाळेत आल्यावर ही रीत बंद पडते. ती बंद पडू न देता विज्ञान शिकवायचं तर खरं काम हवं. ज्याचं गिऱ्हाईक आहे, ज्याचे पैसे मिळतात आणि जे बिघडलं तर कुणीतरी येऊन जाब विचारतो, असं काम. हा शेवटचा मुद्दा मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. प्रयोगवहीतल्या चुकीला लाल शाई लागते आणि विषय संपतो. गेटचं बिजागर तिरकं बसलं तर ते गेट रोज कुरकुरतं.

आश्रमातल्या सुरुवातीच्या कामांपैकी एक होतं भूजल शोधण्याचं. बोअर कुठे मारायची हा दुष्काळी गावातला लाखमोलाचा प्रश्न, आणि त्याचं उत्तर हातात नारळ धरून फिरणाऱ्या पाणाड्याकडे असतं अशी समजूत. आश्रमाने पोरांच्या हातात रोधमापक यंत्र दिलं. पद्धत अशी: एका रेषेत, सारख्या अंतरावर चार पहारी ठोकायच्या. बाहेरच्या दोन पहारींतून जमिनीत वीज सोडायची, आतल्या दोन पहारींमधला व्होल्टेज मोजायचा. व्होल्टेजला करंटने भागलं की रोध मिळतो, त्यातून जमिनीची रोधकता काढायची. मग पहारींमधलं अंतर वाढवत न्यायचं. अंतर वाढलं की वीज अधिक खोलवरून फिरते, म्हणजे प्रत्येक वाचन आणखी खालच्या थराबद्दल काही सांगतं. आपल्या दख्खनच्या कोरड्या, अखंड काळ्या पाषाणात रोधकता जास्त येते. जिथे खडक कुजलेला, भेगाळलेला आणि ओला आहे तिथे ती खाली येते. आलेख काढला की ती उतरण दिसते. यात ओहमचा नियम आहे, गुणोत्तर आहे, आलेख आहे आणि थोडं भूगर्भशास्त्रही. ज्याने ‘गणित येत नाही’ म्हणून शाळा सोडली त्याला हे सगळं लागतं, कारण समोर शेतकरी उभा असतो आणि त्याला बोअरवाल्याला बोलवायचं असतं. अंदाज चुकूही शकतो, आणि तो का चुकला हे शोधणं हाही अभ्यासच.

दुसरं उदाहरण पाबळच्या घुमटाचं. ‘पाबळ डोम’ म्हणून तो ओळखला जातो. लोखंडी अँगलचे त्रिकोण जोडून अर्धगोल सांगाडा उभा करायचा, त्यावर जाळी आणि सिमेंटचा पातळ गिलावा. बकमिन्स्टर फुलरने जगभर गाजवलेली ही रचना पाबळच्या पोरांनी कापून, वेल्डिंग करून गावात उभी केली. त्रिकोणच का? याचं उत्तर घरी मिळतं. सायकलच्या व्हॉल्व्हट्यूबचे बोटाच्या पेराएवढे तुकडे आणि काड्यापेटीच्या काड्या घ्या. अरविंद गुप्तांनी, हेच ते टेल्को सोडून मुलांसाठी खेळणी करत राहिलेले आणि पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत बसलेले, या दोन वस्तूंवर एक अख्खं पुस्तक उभं केलं. काड्यांचा चौकोन करा आणि कोपऱ्यावर बोट दाबा, तो लगेच कलतो. त्रिकोणाला कितीही दाबा, काडी मोडेल पण आकार हलत नाही. घुमटात दोन-तीन ठरावीक लांबीचेच अँगल पुन्हा पुन्हा लागतात, त्यामुळे एक माप नीट जमलं की बाकीचं काम हाताच्या सवयीने होतं. आणि माप एका सुताने चुकलं तर शेवटचा त्रिकोण बसत नाही. भूमितीची एवढी कडक परीक्षा बोर्डही घेत नाही.

जुन्या जीपच्या सुट्या भागांतून छोट्या शेतकऱ्यासाठी बनवलेला ‘मेकबुल’ नावाचा लहान ट्रॅक्टर हेही याच वर्कशॉपचं अपत्य.

आश्रमाचा वर्षभराचा निवासी अभ्यासक्रम आहे, ग्रामीण तंत्रज्ञानाची पदविका. त्याला राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची मान्यता आहे. पण कलबागांना फक्त शाळेबाहेर पडलेल्यांसाठी दवाखाना काढायचा नव्हता, मुलं बाहेर पडूच नयेत असं हवं होतं. म्हणून 1980 च्या दशकाच्या उत्तरार्धात ‘मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख’, म्हणजेच आयबीटी, हा विषय आठवी ते दहावीसाठी साध्या माध्यमिक शाळांत सुरू झाला. राज्य मंडळाने त्याला पूर्वव्यावसायिक विषय म्हणून मान्यताही दिली. आठवड्यातला एक दिवस, चार विभाग: अभियांत्रिकी, ऊर्जा-पर्यावरण, गृह-आरोग्य, शेती-पशुपालन. सगळ्या मुलामुलींनी चारही करायचे. त्यामुळे मुलगी वेल्डिंगचा होल्डर धरते आणि मुलगा चिक्कीचा पाक बघतो. हिमोग्लोबिन तपासणं, माती परीक्षण, घरातलं वायरिंग, फेरोसिमेंटचं काम, रोपवाटिका असं सगळं त्यात येतं. आधी कागदावर चित्र, मग मालाचा आणि मजुरीचा हिशेब, मग काम. शिकवायला बी.एड. झालेला मास्तरच हवा असं नाही, हात चालणारा गावातलाच निदेशक चालतो. शाळेचं काम झालं की गावाची कामंही घ्यायची आणि त्यांचे पैसे घ्यायचे.

1937 च्या वर्धा परिषदेत मांडल्या गेलेल्या गांधीजींच्या नई तालीमशी, म्हणजे हातकामातून शिकण्याच्या विचाराशी, याचं नातं आहे. फरक एवढाच की कलबाग चरख्यापाशी थांबले नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटीच्या नील गर्शेनफेल्ड यांनी संगणकावर चालणारी कटिंग मशिन, इलेक्ट्रॉनिक्सची साधनं अशी छोटी कार्यशाळा, म्हणजे ‘फॅब लॅब’, बाहेर नेण्याचं ठरवलं, तेव्हा एमआयटीबाहेरची पहिली फॅब लॅब 2002 साली पाबळला आली. मुंबई-बेंगळुरूला नाही, पाबळला. कारण दूध तपासायचं कसं, इंजिन नीट चालतंय का ते मोजायचं कसं, असे मोजमापाचे प्रश्न तिथे आधीच तयार होते. 2003 मध्ये कलबाग गेले. संस्था योगेश कुलकर्णी यांच्या नेतृत्वाखाली पुढे चालली.

आता नाशिकचं बोलू. प्रश्न तयार असले की पोरं काय करतात हे आपण 2015 च्या सिंहस्थात पाहिलं आहे. मूळचे नाशिकचे, एमआयटी मीडिया लॅबचे रमेश रासकर यांच्या पुढाकाराने कुंभमेळ्यातले प्रश्न सोडवण्यासाठी ‘कुंभथॉन’ हा उपक्रम झाला. त्यातून गर्दी मोजणारी पायाखालची चटई तयार झाली. पाय पडला की दाब नोंदवला जातो आणि किती माणसं पुढे गेली ते कळतं. ती करणाऱ्यांत शाळकरी वयाचा मुलगाही होता. उत्तम काम. पण अशा उपक्रमांपर्यंत पोचतात ती बहुधा कॉलेज रोडची, इंग्रजी शाळेची मुलं. पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, हरसूलच्या आश्रमशाळेतलं मूल तिथे दिसणं मुश्कील. या आश्रमशाळा ज्याच्या अखत्यारीत येतात ते राज्याचं आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकमध्येच आहे, तरीही.

खरं तर या मुलांचे हात आधीच शिकलेले असतात. पेठ-सुरगाण्याची कुटुंबं हंगामात निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला येतात. छाटणी, थिनिंग, डिपिंग ही कामं मूल आईबापांबरोबर बघत मोठं होतं. डिपिंगचंच घ्या, म्हणजे द्राक्षाचे घड संजीवकाच्या द्रावणात बुडवणं. त्यासाठीची जीएची (जिबरेलिक ॲसिडची) भुकटी पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून आधी स्पिरिटसारख्या द्रावकात विरघळवतात, मग बॅरलमध्ये टाकतात. शंभर लिटर पाण्यात एक ग्रॅम म्हणजे दहा पीपीएम. रसायनाचा धडा आणि दशमानाचं गणित दोन्ही त्या बॅरलमध्ये आहेत. शाळेत मात्र तेच मूल ‘संहती’ या शब्दापाशी अडतं आणि मठ्ठ ठरतं. घडाची गोडी मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर प्रत्येक बागायतदाराच्या खिशात असतो. प्रकाशाचं अपवर्तन शिकवताना तो वर्गात फिरवणारे शिक्षक किती?

पाबळच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत, त्या झाकू नयेत. निदेशकाचं मानधन बहुतेक ठिकाणी देणगीवर अवलंबून राहतं आणि देणगीदार हलला की विषय डळमळतो. पालकांना ‘वेल्डिंग शिकायला पाठवलं नाही’ असं वाटतं, आणि आदिवासी पालकाने तसं म्हटलं तर त्याला दोष देता येत नाही. अंगमेहनतीचं काम त्याच्या वाट्याला पिढ्यान्‌पिढ्या आलेलंच आहे. म्हणून हा विषय फक्त गरिबांच्या शाळांत चालवणं हा त्यांच्यावरचा अन्यायच ठरेल. गंगापूर रोडच्या शाळेतही तो हवा, तोच अभ्यासक्रम, तेच गुण.

आणि पैशाचं रडगाणं गाऊ नये. अटल टिंकरिंग लॅबसाठी केंद्र सरकार एका शाळेला 20 लाखांपर्यंत अनुदान देतं. त्यातले थ्रीडी प्रिंटर काही शाळांत पाहुणे येतात तेव्हाच प्लॅस्टिकच्या कव्हरबाहेर येतात. आयबीटीचा दिवस सुरू करायला त्याच्या तुलनेत थोडकं लागतं: वेल्डिंग मशिन, ड्रिल, पाने-पकडी, वायरिंगचं सामान, बागेपुरती जमीन आणि कामं घेऊन येणारं गाव. सगळ्यात अवघड भाग म्हणजे शिकवणारा माणूस, आणि तो नाशिकमध्ये मुबलक आहे. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून आणि ओझरच्या एचएएलमधून निवृत्त होणारे फिटर, टर्नर, इलेक्ट्रिशियन दरवर्षी घरी बसतात. त्यांच्यापैकी ज्यांचे गुडघे अजून धड आहेत त्यांनी आठवड्यातला एक दिवस जवळच्या आश्रमशाळेला द्यावा, आणि आयुक्तालयाने त्यांचा एसटीचा खर्च आणि बऱ्यापैकी मानधन द्यावं. एका तालुक्यात, दहा शाळांपासून सुरुवात केली तरी चालेल.