गोधडी भिंतीवर चढते तेव्हा

मुंबईच्या उपनगरांतून गोधडी गेली, ती इथे थंडी पडत नाही म्हणून नव्हे. तिला आधी बोहारणीनं गाठलं. जुन्या साड्या आणि एखादी पँट दिली की स्टीलचं पातेलं हातात पडायचं. गोधडीला लागायच्या त्याही त्याच साड्या, वर कित्येक दुपारची हातशिलाई. पातेलं जिंकलं. मग साड्याच बदलल्या. सुती लुगडं जितकं जुनं तितकं गोधडीला चांगलं, कारण धुऊन धुऊन ते मऊ पडतं आणि सुई त्यातून अलगद निघते. नायलॉन-पॉलिस्टरचे थर एकमेकांवरून घसरतात आणि घाम टिपत नाहीत. शेवटी प्रश्न जागेचा. गोधडी घालायची तर साडी पुरती पसरावी लागते. गावाकडे त्याला अंगण असतं; बोरिवलीच्या वन बीएचकेत सोफा सरकवल्याशिवाय चटईसुद्धा धड अंथरता येत नाही.

तरीही अंधेरी-मुलुंडच्या घरांतून कापडाचे तुकडे पुन्हा जोडले जाऊ लागले आहेत. आता त्याला क्विल्ट म्हणतात. निवृत्त शिक्षिका असो की कंपनीतली नोकरी सांभाळून शनिवार-रविवारी मशीन उघडणारी बाई, शिवून झालेली वस्तू अंगावर घ्यायची की प्रदर्शनात टांगायची, हा आजीला कधीच न पडलेला प्रश्न तिला पडतो.

वारशाच्या बाबतीत ही उपनगरं भलतीच श्रीमंत आहेत. घाटकोपर आणि मुलुंडमधल्या कच्छी कुटुंबांची धडकी, फाळणीनंतर मुलुंड कॉलनीत वसलेल्या सिंध्यांची रल्ली, कोकणातून आणि देशावरून वळकटीत बांधून आलेली गोधडी नि वाकळ. एकाच स्टेशनच्या दोन बाजूंना जुन्या कापडाला नवा जन्म देणाऱ्या तीन परंपरा नांदल्या. आणि आता शिकायची वेळ आली की सुरुवात होते ती ‘लॉग केबिन’, ‘ओहायो स्टार’, ‘फ्लाइंग गीस’ या अमेरिकन नमुन्यांपासून. शिकवणारी पुस्तकं तिकडची, म्हणून नमुने तिकडचे, एवढंच त्याचं कारण. पण कपाटात इरकलीचे काठ पडून असताना ओहायोचा तारा शिवत बसणं थोडं गमतीचं आहेच.

क्विल्टची व्याख्या साधी आहे. वर एक कापड, मध्ये भराव, खाली अस्तर आणि तिन्ही थरांना एकत्र धरणारे टाके. गोधडी या व्याख्येत सहज बसते. तिचा भरावही जुन्या साड्यांचाच असतो, इतकंच. फरक पडतो तो वरच्या थरात. गोधडी घालणारी बाई कापड आहे तसं लावते, विरलं असेल तिथे ठिगळ देते आणि धावदोऱ्यानं सगळं बांधून टाकते. क्विल्टमध्ये वरचा थर आधी कागदावर आखला जातो, नवं कापड मोजून कापलं जातं, तुकडे जोडून चौकोनी ब्लॉक तयार होतात आणि ब्लॉक जोडून पूर्ण पट.

या मोजून कापण्याला वेग आला एका जपानी अवजारामुळे. ओल्फा या कंपनीनं १९७९ मध्ये गोल फिरत्या पात्याचा कटर बाजारात आणला. तोवर पुठ्ठ्याचा साचा ठेवून पेन्सिलीनं आखायचं आणि कात्रीनं एकेक तुकडा कापायचा, अशी रीत होती. फिरतं पातं, जाड पारदर्शक पट्टी आणि खाली कापलं न जाणारं मॅट असं त्रिकूट जमल्यावर चार-सहा थर एकदम कापता येऊ लागले. तरीही हिशेब चुकायचा तो चुकतोच. जोडणीसाठी दोन्ही बाजूंना पाव-पाव इंच माया सोडायची असते. म्हणजे तयार चौकोन तीन इंचांचा हवा असेल तर कापायचा साडेतीनचा. आता समजा, एका ओळीत असे चोवीस चौकोन आहेत. त्यांच्या मध्ये तेवीस शिवणी येतात. प्रत्येक शिवणीत दोन्ही कापडांची माया इंचाच्या फक्त सोळाव्या भागानं जास्त गेली, तर एका शिवणीमागे इंचाचा आठवा भाग कमी होतो आणि सगळी ओळ जवळजवळ तीन इंचांनी आखडते. शेजारची ओळ बरोबर शिवली असेल, तर दोन्ही एकमेकींना जुळायला साफ नकार देतात. ब्लाऊज शिवण्यात हात बसलेल्या बाया इथे पहिल्यांदा चक्रावतात. ब्लाऊजला ‘थोडं इकडेतिकडे’ चालतं, इथे ते ओळीभर साचत जातं.

क्विल्ट भिंतीवर कसा चढला, याचीही एक तारीख सांगता येते. १९७१ साली न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात जोनाथन होल्स्टीन आणि गेल व्हॅन डर हूफ या संग्राहकांनी जमवलेले जुने अमेरिकन क्विल्ट आधुनिक चित्रांसारखे टांगले गेले. लोक चकित झाले: शेतकऱ्यांच्या घरातल्या बायकांनी रंगांची ही अमूर्त मांडणी चित्रकारांच्या किती आधी करून ठेवली होती! कौतुक खरं होतं, पण एक गोष्ट राहून गेली. त्यातल्या बहुतेक क्विल्टांवर करणारीचं नाव नव्हतं. पुढे स्त्रीवादी समीक्षकांनी याच मुद्द्यावर बोट ठेवलं.

२००२ मध्ये ह्यूस्टनच्या कलासंग्रहालयात आणि त्याच वर्षी व्हिटनीमध्ये अलाबामातल्या जीझ बेंड या वस्तीचे क्विल्ट मांडले गेले, तेव्हा चित्र बदललं होतं. कापसाच्या मळ्यावर राबलेल्या गुलामांच्या या वंशज स्त्रिया. कामाचे विरलेले कपडे, जुन्या जीन्स, हाती येईल ते कापड घेऊन त्यांनी वाकड्यातिकड्या पट्ट्यांची अशी काही रचना केली होती की समीक्षकांनी त्यांची तुलना थेट मोठमोठ्या चित्रकारांशी केली. इथे प्रत्येकीचं नाव कामाशेजारी होतं. २००६ मध्ये अमेरिकी टपाल खात्यानं त्यांच्या क्विल्टांची तिकिटंही काढली.

आज ज्याला ‘मॉडर्न क्विल्ट’ म्हणतात त्याच्यावर या वस्तीचं मोठं ऋण आहे. मोठी मोकळी जागा, मोजके ठसठशीत रंग, काटेकोर चौकटीतून मुद्दाम सुटलेले ब्लॉक आणि आराखड्याशिवाय जमेल तसं जोडत जाणं ही त्याची ओळख. २००९ मध्ये लॉस एंजेलिसला मॉडर्न क्विल्ट गिल्ड सुरू झालं आणि २०१३ मध्ये टेक्सासमधल्या ऑस्टिनला त्यांचं पहिलं क्विल्टकॉन भरलं. तिथे आराखड्याशिवायच्या कामाचा स्वतंत्र विभागच असतो, आणि त्यात बक्षिसं असतात.

इथे मराठी वाचकाला किंचित हसू येणं साहजिक आहे. आराखड्याशिवाय कापड जोडणं हा सोलापूर-साताऱ्याकडच्या बाईचा कलाविचार नव्हता, तिच्याकडे होतं तेवढंच कापड होतं. पण परिस्थितीनं करावं लागलं म्हणून त्यातली नजर खोटी ठरत नाही. लाल काठ कुठे ठेवायचा, हिरवं लुगडं मधोमध घ्यायचं की कडेला, टाक्याच्या रांगा कशा वळवायच्या, हे तीच ठरवत होती. उत्तर कन्नडमधल्या सिद्दी स्त्रियांची कवंदी पाहिली की हे लख्ख दिसतं. काम कडेपासून सुरू होऊन फेऱ्याफेऱ्यांनी मध्याकडे जातं, प्रत्येक नवा तुकडा आधीच्याच्या शेजारी त्या क्षणी ठरतो आणि चारी कोपऱ्यांना घडी घातलेल्या कापडाचं फूल लागल्याशिवाय काम पुरं मानत नाहीत. ही रीत आता अमेरिकेतल्या क्विल्टवर्गांत शिकवली जाते. मुंबईच्या गीता खंडेलवाल यांनी महाराष्ट्रातल्या गोधड्या हिंडून, पाहून, जमवून त्यांच्यावर केलेलं पुस्तकही फ्रान्सच्या क्विल्टमॅनियानं काढलं. गोधडीचं देखणेपण आपल्याला सांगायला परदेशी प्रकाशक लागावा, हे खटकतं.

आपल्याकडे गोधडीवर लिहायचं म्हटलं की ‘मायेची ऊब’ लेखणीतून आपोआप सांडते आणि टाक्याबद्दल एक ओळ येत नाही. दुसऱ्या बाजूला गोधडी म्हणजे वैराग्य. चिंध्यांची वस्त्रं पांघरणाऱ्या गाडगेबाबांना लोक गोधडेबुवाही म्हणत. ऊब किंवा वैराग्य, या दोन्हींत करणारीच्या कसबाला जागाच उरली नाही. प्रदर्शन नेमकी तीच जागा मागतं.

प्रवेशाची पद्धत अशी. आधी फोटो पाठवायचे: एक पूर्ण क्विल्टचा, चारी कडा दिसतील असा, आणि एक जवळून घेतलेला, ज्यात टाका मोजता येईल. सोबत मापं, साहित्य, आणि नमुना दुसऱ्या कुणाचा असेल तर त्याचा स्पष्ट उल्लेख. निवड करणाऱ्यांना बहुतेक ठिकाणी नाव सांगितलेलं नसतं. उपनगरातल्या घरात हा फोटो काढणं हेच एक प्रकरण आहे. दोन मीटरचा क्विल्ट सपाट टांगायला मोकळी भिंत नसते. मग गच्चीवर कपडे वाळत घालायच्या दोरीला तो लटकतो, मागे पाण्याच्या टाक्या दिसतात आणि वारा सुटला की कडा वळतात.

निवड झाली की क्विल्ट प्रत्यक्ष पाठवायचा. मागच्या बाजूला वरच्या कडेलगत दांडी घालण्यासाठी साधारण चार इंच रुंद कापडी पट्टी शिवलेली हवी. पडद्याला असते तशी, पण तिचा फुगवटा समोरून दिसता कामा नये. आणि खाली कोपऱ्यात लेबल: नाव, गाव, साल. पिढ्यान्‌पिढ्या गोधड्या घालणाऱ्या एकीनंही हे केलं नव्हतं. नियमाच्या या एका ओळीनं जे होतं ते सगळ्या गौरवलेखांनी झालं नाही, असं म्हणायला हरकत नाही.

परीक्षकांच्या नजरेला काय काय दिसतं, ते ऐकून नव्या माणसाला घाम फुटतो. कडेला लावलेला गोट शेवटपर्यंत भरलेला आहे की आत पोकळ? कोपरे काटकोनात आहेत का? टांगल्यावर पट सपाट पडतो की खालून लाटा उठतात? वरचा आणि खालचा दोरा सारख्या ताणाचा आहे का? आखणीच्या पेन्सिलीची रेघ राहिली आहे? मांजराचा केस? हो, तोही. गोधडीला या कसोट्या लावल्या तर बरीच गुणवंत गोधडी पहिल्या फेरीतच गळेल, कारण तिचे थर मुळातच असमान जुने असतात. म्हणून हे निकष पवित्र मानायचं कारण नाही. हातशिलाईचा आणि आराखड्याशिवायच्या कामाचा वेगळा विभाग जिथे आहे, तिथेच गोधडीवळणाच्या कामानं जावं, हे शहाणपणाचं.

ह्यूस्टनचा इंटरनॅशनल क्विल्ट फेस्टिव्हल आणि दर ऑगस्टमध्ये बर्मिंगहॅमला भरणारा फेस्टिव्हल ऑफ क्विल्ट्स ही या जगातली मोठी नावं. भारतीयांना मात्र जवळचा रस्ता जानेवारी २०१९ मध्ये मिळाला. चेन्नईत टीना कटवाल आणि त्यांच्या साथीदारांनी इंडिया क्विल्ट फेस्टिव्हल भरवला. मुंबईहून रेल्वेनं क्विल्ट गुंडाळून नेता येईल अशा अंतरावर स्पर्धा, परीक्षक आणि प्रदर्शन एकत्र आलं.

साहित्याचं म्हणाल तर सुती कापडासाठी मालाडचं नटराज मार्केट किंवा चर्चगेट-सीएसएमटीकडे उतरून मंगळदास मार्केट गाठता येतं. अडचण भरावाची. बाजारात सहज मिळतं ते पॉलिस्टरचं वाडिंग. हलकं, फुगीर, पण मुंबईच्या दमट हवेत अंगावर घेतलं की उकडतं. सुती भराव शोधावा लागतो आणि महाग पडतो. काहीजणी सरळ जुनी सुती चादर मध्ये घालतात. तो गोधडीचाच मार्ग झाला, आणि या हवेला तोच शोभतो. नवं कापड आधी धुऊन घ्यायचं, कारण गडद लाल किंवा निळा रंग शेवटच्या धुण्यात पांढऱ्या मोकळ्या जागेत उतरला की मॉडर्न क्विल्टची सगळी शान जाते. तीन थर एकत्र करून कच्चे टाके घालायला सोसायटीचा हॉल किंवा शाळेतली जोडलेली बाकं. पावसाळ्यात तयार क्विल्ट प्लॅस्टिकमध्ये बांधून ठेवला तर बुरशी धरते. सुती खोळीत गुंडाळून, अधूनमधून उलगडून वारा द्यायचा.

परदेशी पाठवताना शेवटी कुरिअरचा आणि कस्टमचा कागद समोर येतो. त्यात वस्तूचं मूल्य लिहायचं असतं. नव्या कापडाच्या क्विल्टची निदान बिलं दाखवता येतात. सासूच्या नऊवारीचा आणि आईच्या सुती साड्यांचा क्विल्ट असेल तर साहित्याचा खर्च दोऱ्यापुरताच, आणि शिलाईचे तास कुणी लिहून ठेवलेले नसतात. फार कमी आकडा टाकला तर हरवल्यावर विम्यात तेवढेच मिळणार. जास्त टाकला तर अनेक प्रदर्शनं ठरावीक रकमेपुढे तज्ज्ञाकडून केलेलं लेखी मूल्यांकन मागतात. अमेरिकेत क्विल्टचं मूल्य ठरवणारे प्रशिक्षित लोक आहेत. ते आकार, टाका, कापडाचं वय आणि करणारीचं नाव पाहून आकडा देतात. इथे ती रकमेची चौकट शिवणारी स्वतःच भरते, आणि बहुतेकवेळा संकोचून आपल्या कामापेक्षा बरीच कमी रक्कम लिहिते.