अतिउत्साहाची मराठी शब्दकळा : अर्थ, व्याकरण आणि उपयोजन

पदवीच्या वर्गात अनुभवलेखन शिकवत असताना ‘मी खूप एक्सायटेड होतो’ हे वाक्य जवळजवळ प्रत्येक वहीत आढळते. त्याचे मराठी रूप करावयास सांगितले असता एका विद्यार्थ्याने ‘मी खूप उत्तेजित होतो’ असे वाचून दाखवले आणि वर्गात हशा पिकला. वास्तविक ‘उत्तेजन’ हा प्रतिष्ठित शब्द होय. पुण्यातील वेदशास्त्रोत्तेजक सभेच्या नावात तो आहे, आणि शालेय स्पर्धांत उत्तेजनार्थ पारितोषिक आजही दिले जाते. परंतु उत्तेजन देणे निराळे व उत्तेजित होणे निराळे. दुसऱ्या प्रयोगाला अलीकडे शारीर अर्थच्छटा चिकटली आहे. मग मर्यादेबाहेर गेलेल्या उत्साहाला मराठीत म्हणावे तरी काय? प्रस्तुत लेखाचा विचारविषय हाच आहे.

प्रथम साहित्यशास्त्राकडे पाहू. भरताच्या नाट्यशास्त्रात ‘उत्साह’ हा वीररसाचा स्थायीभाव मानला आहे. हर्ष, आवेग, औत्सुक्य, चपलता, मद आणि उन्माद यांची गणना मात्र तेहतीस व्यभिचारी भावांत होते. म्हणजे उत्साह टिकणारा, इतर येणारे-जाणारे. उत्साहाला ‘अति’ जोडून सिद्ध केलेला ‘अतिउत्साह’ हा शब्द त्यामुळे काहीसा कृत्रिम वाटतो. वृत्तपत्रांत तो ‘अतिउत्साही कार्यकर्ते’ या जोडीत विशेष वावरतो आणि तेथे त्याचे काम बहुधा सौम्यीकरणाचे असते. फलक फाडणाऱ्याला अतिउत्साही म्हटले की त्याची कृती अर्धी माफ झालेली असते.

बोलीतील शब्द याहून नेमके आहेत. ‘उतावळा’ आणि ‘हुरळलेला’ यांतील भेद पाहावा. उतावळ्याला काय हवे ते पक्के ठाऊक असते. त्याची अडचण केवळ वेळेची. म्हणून कपाळावरचे बाशिंग गुडघ्याला बांधणारा नवरा हास्यास्पद ठरतो, पण लग्न त्याचेच असते. हुरळलेल्याला आपल्याला काय मिळणार आहे हेच उमगलेले नसते. हुरळलेली मेंढी लांडग्याच्या मागे लागते, हे म्हणीने अचूक टिपले आहे. पहिल्या म्हणीत हसू आहे, दुसरीत भय. नोकरीच्या फसव्या जाहिरातीला भुललेल्या मुलाला कोणी उतावळा म्हणणार नाही. तो हुरळला असेच म्हणावे लागेल.

‘चेकाळणे’ या क्रियापदाला बहुधा प्रेक्षक लागतो. घरी पाहुणे आले की मूल चेकाळते, तास संपत आला की वर्ग चेकाळतो. एकांतात कोणी चेकाळल्याचे ऐकिवात नाही. ‘हर्षवायू’ या शब्दावर आयुर्वेदातील वायूच्या कल्पनेचा ठसा आहे. ‘ऊत’ स्वयंपाकघरातला, दुधाच्या पातेल्यातला, ‘उधाण’ समुद्राचे. कशेळीच्या खाडीकाठी राहणाऱ्यांना आनंदाला उधाण आले म्हणजे काय ते समजावून सांगावे लागत नाही. अमावास्या-पौर्णिमेला खाडी कशी फुगते ते त्यांनी पाहिलेले असते. भिवंडीच्या यंत्रमागांवर मराठीइतकीच उर्दू कानी पडते आणि त्या उर्दूतील ‘जोश’ मुळात फारसी असून त्याचा मूळ अर्थ उकळी असाच आहे. दोन भाषांनी एकाच पातेल्याकडे पाहिले आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

या शब्दांच्या अर्थाइतकेच, किंबहुना अधिक, त्यांचे व्याकरण लक्षणीय आहे. चेव येतो, ऊत येतो, हुक्की येते, उधाण येते, अंगात येते. याउलट भान जाते, तोल जातो, ताबा सुटतो. काहीतरी येते, काहीतरी जाते आणि माणूस ‘त्याला’ किंवा ‘त्याचा’ अशा रूपात मध्ये उभा असतो. तो वाक्याचा कर्ता नसतो. जेथे तो कर्ता असतो तेथे सहायक क्रियापद त्याला वाहून नेते : हुरळून जाणे, भारावून जाणे. आज्ञार्थाची गंमत तर याहून बोलकी आहे. ‘हुरळून जाऊ नकोस’, ‘चेकाळू नका’ हे आपण सहज म्हणतो. ‘हुरळून जा’, ‘चेकाळा’ असे कोणी म्हणत नाही. ज्याची आज्ञा देता येत नाही, केवळ मनाई करता येते, अशी ही क्रियापदे आहेत. ‘मी एक्सायटेड आहे’ या वाक्यात मात्र ‘मी’ ठामपणे कर्तृस्थानी बसतो आणि मर्यादा ओलांडली की नाही, याचा पत्ता लागत नाही.

ही रचना लहान मुलाच्या बाबतीत समंजस आहे. त्याच्यावर काहीतरी ओढवले आहे, ते ओसरेल, असा दिलासा तीत आहे. समूहाच्या बाबतीत मात्र तीच रचना घातक ठरू शकते. ‘जमावाला उन्माद चढला’ या वाक्यात कर्ता कोण? व्याकरणाच्या दृष्टीने उन्माद! चढणारी नशा कोणी पाजली, हे वाक्य विचारूच देत नाही. भिवंडीत राहून हा प्रश्न केवळ व्याकरणाचा मानता येत नाही. 7 मे 1970 रोजी शिवजयंतीच्या मिरवणुकीच्या वेळी येथे दंगल उसळली, तिचे लोण जळगाव व महाड येथे पोहोचले. पुढे न्यायमूर्ती मादन आयोगाला चौकशी करावी लागली. आणि चौकशी म्हणजे ज्या वाक्यांतून कर्ता गळाला आहे तेथे तो पुन्हा शोधणे होय. मराठीत त्यासाठी क्रियापदे आहेतच : चिथावणे, भडकावणे, चेतवणे, फूस लावणे. या सर्वांना कर्ता लागतो. 1984 मध्ये शहर पुन्हा होरपळले. त्यानंतर पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या आणि डिसेंबर 1992 व जानेवारी 1993 मध्ये मुंबई पेटली असता भिवंडी शांत राहिली. ‘उन्माद चढतो’ हे निसर्गनियमासारखे खरे असते, तर असे घडले नसते.

‘उन्माद’ व ‘मातणे’ ही दोन्ही रूपे ‘मद्’ या एकाच धातूकडे जातात, पण त्यांचा व्यवहार वेगळा आहे. ‘माज’, ‘मातणे’ हे शब्द वरून खाली उच्चारले जातात. ज्याने वाकून असावे अशी अपेक्षा असते, तो ताठ चालला की ‘माजला’ ठरतो. गावगाड्यात हा शब्द कोणी कोणासाठी वापरला, याचा स्वतंत्र अभ्यास व्हावयास हवा. ढोलांचा आवाज तोच, रस्ता तोच; आपल्या मिरवणुकीत उत्साह असतो, दुसऱ्याच्या मिरवणुकीत माज.

याच संदर्भात द्वितीय वर्षाच्या विद्यार्थ्यांना एक उपक्रम दिला. पाहिलेल्या एखाद्या मिरवणुकीचे वर्णन करावे, मात्र ‘उधाण आले’, ‘उन्माद चढला’, ‘भान हरपले’ यांपैकी एकही प्रयोग करू नये, एवढीच अट. बरेच जण पहिल्याच वाक्याला अडले, कर्ता सापडेना. एकाने बराच वेळ पेन चावून अखेर लिहिले : ‘शेजारच्या इमारतीत आजारी माणूस होता. आम्हाला सांगितले होते. आम्ही ढोल थांबवले नाहीत.’