व्यापारी करार आणि बांधावरचे लाकूड

निलगिरी, सुबाभूळ, मलबार नीम अथवा बांबू यांची लागवड करताना शेतकरी बहुधा जमीन, पाऊस आणि जवळच्या वखारीतील भाव एवढ्याच गोष्टी पाहतो. परंतु या झाडांचे लाकूड पुढे प्लायवूडच्या किंवा दाबीव फळ्यांच्या कारखान्यात जावयाचे असेल, तर त्याच्या भावावर दूरच्या बंदरात उतरणाऱ्या मालाचाही परिणाम होतो. ज्वारी परवडली नाही तर पुढच्या हंगामात दुसरे पीक घेता येते. झाडाचे पीक मात्र जमीन पाच-सहा वर्षे, आणि सागासारखे असेल तर त्याहून कितीतरी अधिक काळ अडवून ठेवते. यास्तव देशादेशांतील व्यापारी करारांचा लाकडाच्या धंद्यावर कसा परिणाम होतो, हे ग्रामसेवकांनी व शेतकरी बंधूंनी समजून घेणे हिताचे आहे.

करार म्हणजे काय?

परदेशी माल देशात येताना त्यावर सरकार आयात-जकात घेते. काही देश आपसांत करार करून एकमेकांच्या मालावरील ही जकात कमी करतात किंवा टप्प्याटप्प्याने काढून टाकतात. यासच प्रादेशिक व्यापारी करार म्हणतात. भारताने १३ ऑगस्ट २००९ रोजी आग्नेय आशियातील ‘आसियान’ गटाच्या दहा देशांशी असा करार केला. मलेशिया, सिंगापूर व थायलंड यांच्यासाठी तो १ जानेवारी २०१० पासून लागू झाला व इतर देशांसाठी त्यानंतर. या गटात मलेशिया, इंडोनेशिया, व्हिएतनाम, म्यानमार यांसारखे लाकडाचे मोठे उत्पादक असल्यामुळे आपल्या लाकूड-उद्योगाशी या कराराचा निकटचा संबंध येतो.

भावावर परिणाम कसा होतो?

एका कल्पित हिशेबाने ही गोष्ट स्पष्ट होईल. समजा, परदेशी प्लायवूडचा एक तक्ता बंदरात १,००० रुपयांस पडतो. त्यावर १० टक्के जकात असल्यास बाजारात तो १,१०० रुपयांस पडेल. आपल्या कारखानदारास तशाच तक्त्याचे १,१०० रुपये घेता येतील. त्यांपैकी डिंक, वीज, मजुरी व नफा मिळून ६०० रुपये गेले, तर लाकडासाठी ५०० रुपये उरतात. आता करारामुळे जकात शून्यावर आली, तर कारखानदारास तक्ता १,००० रुपयांसच विकावा लागेल. डिंकाचा व विजेचा खर्च कमी होत नाही; म्हणून लाकडास ४०० रुपयेच उरतात. तोडणी व वाहतूक यांचे १५० रुपये दोन्ही वेळा सारखेच धरले, तर शेतकऱ्याच्या हाती पूर्वी ३५० रुपये पडत होते, ते आता २५० पडतील.

म्हणजे तक्त्याचा भाव सुमारे ९ टक्के उतरला, परंतु बांधावरील लाकडाचा भाव सुमारे २९ टक्के उतरला. मधले खर्च बदलत नाहीत, म्हणून घसरणीचा भार साखळीच्या अखेरच्या टोकावर, म्हणजे उत्पादकावर पडतो. हाच हिशेब उलटही चालतो. तक्त्याचा भाव थोडा वाढला, तर लाकडाचा भाव त्या प्रमाणाहून अधिक वाढू शकतो.

प्रत्येक आयात मारक नसते

तक्त्याच्या आतील थर साध्या लाकडाचे असतात, तर वरचा दर्शनी थर गुळगुळीत, बिनगाठीच्या लाकडाचा लागतो. आपल्याकडे त्यासाठी म्यानमारकडील गर्जन लाकडाची मागणी फार होती. निलगिरी, पॉप्लर यांसारखे शेतातील लाकूड मुख्यतः आतील थरांस वापरतात. दर्शनी थर परदेशांतून स्वस्त मिळाला, तर येथील कारखाने अधिक चालतात आणि आतील थरांसाठी शेतातील लाकडाची मागणी वाढते. याउलट तयार तक्ताच स्वस्त आला, तर ती मागणी घटते. म्हणून ‘लाकडावरील जकात कमी झाली’ एवढे ऐकून निष्कर्ष काढू नये. जकात ओंडक्यावर, पातळ थरावर की तयार फळीवर कमी झाली, हे आधी पाहावे.

जकात हीच एकमेव गोष्ट नव्हे

आयात करणाऱ्या देशाने जकात काढली, तरी निर्यात करणारा देश माल अडवू शकतो. इंडोनेशियाने १९८५ साली कच्च्या ओंडक्यांची निर्यात बंद करून स्वतःचा प्लायवूड-उद्योग वाढविला. म्यानमारनेही १ एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली. त्यानंतर काही भारतीय कारखानदारांनी थर सोलण्याची यंत्रे परदेशांतच बसविली.

तसेच सवलत सरसकट मिळत नाही. आसियान कराराच्या सर्वसाधारण नियमानुसार मालाच्या जहाजावर चढविलेल्या किमतीपैकी किमान ३५ टक्के मूल्य करारातील देशांत निर्माण झालेले असावे लागते व प्रक्रियेने मालाचा जकातीतील वर्गही बदलावा लागतो. तिसऱ्या देशाच्या मालास केवळ नवे वेष्टन घालून सवलत मिळू नये, हा त्याचा हेतू आहे. या तपासणीसाठी भारताने २१ सप्टेंबर २०२० पासून अधिक कडक नियम लागू केले. परदेशी माल अवाजवी कमी भावाने येऊन येथील उद्योगास हानी पोहोचवीत असल्यास, चौकशीअंती त्यावर वेगळे शुल्क बसविता येते. व्हिएतनाम व इंडोनेशिया येथील दाबीव फळ्यांच्या बाबतीत असे शुल्क पूर्वी बसविले गेले आहे.

लागवड करणाऱ्याने काय करावे?

१. सर्व जमीन एकाच जातीच्या झाडांखाली घालू नये. उत्तर भारतात २००० नंतरच्या काही वर्षांत पॉप्लरचे भाव कोसळले. त्यास लागवड बेसुमार वाढणे हे मोठे कारण होते. बांधावर झाडे व मध्ये पिके ठेवल्यास भाव पडला तरी संसार अडत नाही.

२. सर्व झाडे एकाच वर्षी न लावता दोन-तीन टप्प्यांत लावावीत, म्हणजे तोडही वेगवेगळ्या वर्षांच्या भावात होईल.

३. एकापेक्षा अधिक उपयोग असलेली जात निवडावी. कागद, खांब व प्लायवूड या तिन्हींस चालणाऱ्या लाकडास एक गिऱ्हाईक गेले तरी दुसरे उरते.

४. वाहतुकीचा खर्च बदलत नाही, हे वरील हिशेबात आलेच आहे. म्हणून कारखान्याचे अंतर लागवडीपूर्वी पाहावे आणि शक्य तर अनेकांनी मिळून गाडीभर माल एकदम पाठवावा.

५. भाव पडला असता घाई करू नये. पिकलेले धान्य शेतात ठेवता येत नाही. उभे झाड मात्र ठेवता येते, व त्याचा घेर वाढत राहतो.

६. तोडीचे नियम आधी विचारून घ्यावेत. २०१७ सालच्या दुरुस्तीने वनेतर जमिनीवरील बांबू वन-कायद्यातील ‘झाड’ या व्याख्येतून वगळला गेला आहे. सागास मात्र परवानगी लागते.

ग्रामसेवकांनी आपल्या भागातील वखारींचे व कारखान्यांचे भाव दर तीन महिन्यांनी लिहून ठेवून ते चावडीवर लावावेत. करार दूरच्या राजधानीत होतात; परंतु झाड कोणते लावावे आणि ते केव्हा तोडावे, हा निर्णय शेतकऱ्याच्याच हाती आहे. तो माहितीवर आधारलेला असावा.