साल्मनला शेंगेचा शेला

सिॲटलला लेकीकडे चार मंडळी जमली, की मी हाच पदार्थ करते. भगिनींनो, साल्मन म्हणजे आपला रावस नव्हे. इंग्रजीत रावसाला ‘इंडियन साल्मन’ म्हणतात, एवढंच नातं! ‘स्नो पी’ या चपट्या मटारशेंगा सालासकट खातात. कडेचा दोरा तेवढा काढावा. उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट, लगेच बर्फाच्या पाण्यात. रंग हिरवागार राहतो. माशाच्या फोडी मीठ, मिरपूड, लिंबू लावून भाजाव्यात. पाकळ्या सुटल्या, की झाल्या. मग फोडीला शेंग गुंडाळून काडी टोचावी. धुरी दिलेला थंड साल्मन चवीला सरस खरा; पण लेकीला दिवस गेल्यापासून मी तो घरात आणत नाही. त्यात लिस्टेरियाचे जंतू असू शकतात, आणि ते गर्भाला घातक. पाहुणे कुरकुरले, तर खुशाल कुरकुरोत!