चोरून ऐकलेले बोलणे

गेल्या दसऱ्याच्या आधीची गोष्ट. दादा ऊसतोडीच्या उचलीविषयी मुकादमाशी फोनवर बोलत होते. बोलता बोलता माझ्या बहिणीच्या आजारपणाची, घराबाहेर जाऊ नये अशी गोष्टही त्यांच्या तोंडून गेली. आठ दिवसांनी मुकादमाने ते सारे बोलणे मोंढ्यातल्या चहाच्या हॉटेलात दहा माणसांपुढे वाजवून दाखविले. उचलीचा पुरावा म्हणे! तेव्हापासून दादा फोनवर ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच बोलतात.

हा गुन्हा आहे की नाही, हे मी शोधू लागलो. आमच्या घरात कायद्याचे पुस्तक उघडणारा मीच पहिला. उत्तर मात्र मनासारखे निघाले नाही. १९६४ साली मुंबईचे कॉरोनर आर. एम. मलकानी यांनी एका डॉक्टरकडे लाच मागितली. लाचलुचपत खात्याने मध्यस्थ डॉक्टरच्या संमतीने त्यांच्या फोनला टेपरेकॉर्डर जोडला. १९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती टेप पुरावा म्हणून मान्य केली. बोलणाऱ्या दोघांपैकी एकाची संमती होती, हे त्यातले मुख्य कारण. म्हणजे मुकादमाची टेपही कोर्टात चालू शकेल. पण चहाचे हॉटेल म्हणजे काही कोर्ट नव्हे!

दोघांनाही नकळत सरकारच ऐकू लागले तर? १८८५ च्या टेलिग्राफ कायद्यात त्याची मुभा होती, आणि २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्यातही ती आहे. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या अधिकाराला वेसण घातली. गृहसचिवांचा लेखी हुकूम हवा, त्याला मुदत हवी आणि तो तपासायला समिती हवी. राज्यात या समितीवर मुख्य सचिव व इतर सचिव असतात. न्यायाधीश एकही नाही. सरकारच्या हुकुमाची तपासणी सरकारच्याच माणसांनी बंद दाराआड करावयाची! २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरला. त्याच आधारे २०१९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एका व्यावसायिकाचा फोन ऐकण्याचे तीन हुकूम रद्द केले व टेपा नष्ट करावयास सांगितले. तरीही समितीची रचना बदललेली नाही.

नाना पटोले यांचेच पाहा. आपला फोन २०१६-१७ मध्ये ‘अमजद खान’ या नावाने ऐकला गेला, असे त्यांनी २०२१ मध्ये विधानसभेत सांगितले. ज्या काळाविषयी ते बोलत होते, तेव्हा ते सत्ताधारी पक्षाचेच खासदार होते. गृहमंत्र्यांनी चौकशी जाहीर केली, पोलीस महासंचालकांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. २०२२ मध्ये पोलीस अधिकारी रश्मी शुक्ला यांच्यावर पुणे व मुंबईत गुन्हे नोंदले गेले. त्याच वर्षी सरकार बदलले. एका प्रकरणात सरकारने खटल्यास परवानगी नाकारली, दुसऱ्यात तपास बंद करण्याचा अहवाल आला आणि २०२३ मध्ये उच्च न्यायालयाने दोन्ही गुन्हे रद्द केले. आरोप सिद्ध झाले नाहीत, हे स्पष्ट सांगितलेच पाहिजे. पण चौकशी उभी राहिली ती सरकार बदलल्यावर, आणि मिटली तीही सरकार बदलल्यावर. ज्याचे बोलणे ऐकले त्याला मागाहून कळवावे, अशी तरतूद तर आपल्या कायद्यात नाहीच.

हे सारे मी दादांना वाचून दाखविले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, “आमदाराला पाच वर्षांनी कळलं म्हणतोस, मग आपल्याला आठ दिवसांत कळलं ते बरंच की! पण मुकादमाच्या मोबाईलात ते अजून हाय का रं?”