आवाज येतो, शब्द येत नाहीत

"आवाज येतोय गं, पण काय बोलतायत ते कळत नाही."

आईचं हे वाक्य मी दोन वर्षं ऐकत होते आणि दर वेळी रिमोट उचलून आवाज वाढवत होते. विसाचा तीस झाला, तिसाचा चाळीस. शेजारच्या काकूंना आमची मालिका भिंतीतून ऐकू यायला लागली, पण आईचं तेच. खरं तर त्या एका वाक्यात तिनं अचूक निदान सांगून ठेवलं होतं.

ताल, साल, शाल, चाल हे चार शब्द मोठ्यानं म्हणून पाहा. मागचं 'आल' चारही शब्दांत तेच आहे. ते भरदार आहे, कारण स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो. शब्द ठरतो तो मात्र सुरुवातीच्या क्षणभराच्या सळसळीनं. 'स'चा बराचसा जोर ४००० हर्ट्‌झच्या वर असतो आणि तो मुळातच नाजूक. कार आणि खार यांत तर फरक केवळ श्वासाच्या एका झोताचा! अंतर्कर्णात गोगलगायीच्या शंखासारखी वळणं घेतलेली एक नळी असते. तिच्यात ध्वनी टिपणाऱ्या केसपेशी एका कानात साधारण १५ हजार. गेलेली पेशी पुन्हा उगवत नाही. उंच आवाज टिपणाऱ्या पेशी नळीच्या तोंडाशी असतात आणि वय वाढतं तशा बहुधा त्याच आधी जातात. मग 'आल' पोचतं. शाल होती की साल, ते पोचत नाही. रिमोटनं आवाज वाढवला की तेच 'आल' आणखी दणदणतं.

कानाचं मशीन नेमकी ही उणीव भरून काढतं. जिथे ऐकू कमी येतं तेवढ्याच पट्टीला ते उचलतं. आईला समोर बसून बोललेलं मशीन लावल्या दिवसापासून छान कळू लागलं, पण टीव्हीनं काही दाद दिली नाही.

कारण आमचा हॉल. खाली फरशी, चार उघड्या भिंती, काचेचं शोकेस. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की थेट येणारा आवाज सहा डेसिबलनं घटतो. भिंतींवरून उसळून येणारा आवाज मात्र खोलीभर जवळपास तेवढाच राहतो. त्यामुळे दहा फुटांवरच्या सोफ्यापर्यंत शब्द येतो तो स्वतःच्याच पडसादांत बुडालेला. त्यात हल्लीच्या चपट्या टीव्हीचे स्पीकर बहुतेक वेळा खाली किंवा मागे तोंड करून बसवलेले असतात, म्हणजे नट बोलतो ते आधी भिंतीशी. मशीनचा मायक्रोफोन बसलेला कानावर, त्याला हे सगळं मिसळूनच मिळतं. वर पंख्याची घरघर.

म्हणून साउंडबार आणला. त्याचं तोंड आपल्याकडे असतं. काही साउंडबारमध्ये संवादांसाठी मधला वेगळा स्पीकर असतो, काहींत बोलणं उठावदार करणारी सोय. आईला थोडा फरक पडला, घरातल्या बाकीच्यांना खूप.

मग ऑडिओलॉजिस्टनी एक डबी सुचवली. टीव्हीचा आवाज थेट मशीनमध्ये पाठवणारी, काडेपेटीहून जराशी मोठी. ती जोडताना जे दिसलं ते मी अजून विसरलेले नाही. टीव्हीच्या मागे अंधारात ऑप्टिकल केबलच्या टोकाला लाल ठिपका लुकलुकत होता. मालिकेतली सासू जे बोलत होती ते त्या क्षणी प्रकाश होतं! तो प्रकाश डबीत शिरणार, तिथून रेडिओलहर होऊन हॉल ओलांडणार, आईच्या कानामागे वीज होणार आणि शेवटच्या सेंटिमीटरभरात पुन्हा आवाज. मधे हॉल नाही, पडसाद नाहीत, पंखा नाही. डबीनं जणू आईचा कान उचलून थेट टीव्हीला लावला होता.

पहिल्या संध्याकाळी मात्र आई वैतागली. "प्रत्येक शब्द दोनदा येतोय," म्हणाली. "पूजेला गुरुजी म्हणतात आणि मागून यजमान म्हणतो, तसं."

आईच्या मशीनचं कानात जाणारं टोक मऊ सिलिकॉनचं, भोकाभोकांचं आहे, स्वतःचा आवाज घुमू नये म्हणून. त्या भोकांतून साउंडबारचा आवाजही सरळ आत येतो. म्हणजे एकच वाक्य दोन वाटांनी. हवेतून तीन मीटर यायला आवाजाला साधारण नऊ मिलिसेकंद लागतात. रेडिओलहरीला प्रवासाला वेळ लागत नाही म्हटलं तरी चालेल, पण आवाजाचे आकडे करून त्यांची पुडकी बांधण्यात-सोडण्यात वेळ जातो. साध्या ब्लूटूथमध्ये तो सहज शंभर-दोनशे मिलिसेकंदांवर जातो, खास टीव्हीसाठीच्या डब्यांत पुष्कळ कमी.

आणि मेंदू इथे जे करतो त्यानं मी थक्क झाले. १९४९ मध्ये जर्मनीतल्या ग्योटिंगेन इथे हेल्मुट हास यांनी आपल्या प्रबंधात दाखवलं की तोच आवाज थोड्या मिलिसेकंदांच्या अंतरानं पुन्हा आला तर आपल्याला दोन आवाज ऐकूच येत नाहीत. मेंदू दुसऱ्याला पहिल्यात मुरवून टाकतो आणि आवाजाची दिशा पहिल्यावरून ठरवतो, दुसरा थोडा मोठा असला तरी. बोलण्याच्या बाबतीत अंतर पन्नासेक मिलिसेकंदांपलीकडे गेलं की मात्र जोड उसवते आणि यजमान बोलू लागतो.

आमच्याकडे उशीर डबीचा नव्हता, साउंडबारचा होता. सिनेमागृहासारखा घुमारा आणणाऱ्या मोडमध्ये तो आवाजावर बराच वेळ काम करत होता. तो मोड काढून साधा ठेवला, सेटिंगमधला 'ऑडिओ डिले' शून्यावर आणला, आणि आई म्हणाली, "आता एकच."

ओठांशी मेळ बसवताना मेंदू आणखी उदार होतो. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या मापानुसार आवाज चित्राच्या साधारण ४५ मिलिसेकंद आधी आला तर खटकतो, पण मागाहून यायचा असेल तर सव्वाशेपर्यंत लक्षातही येत नाही. नदीच्या पलीकडे धुणं आपटणारी बाई आठवा. कपडा आधी दगडावर पडतो, 'धप्' मागून येतं. निसर्गात आवाज दृश्याच्या आधी कधीच येत नाही, म्हणून उशिराची सवय आपल्याला जन्मापासूनची.

अशी डबी घेण्याआधी एक गोष्ट जरूर तपासावी. साउंडबार 'एचडीएमआय एआरसी' या जोडणीवर असताना काही टीव्ही ऑप्टिकलचा आवाज बंद करतात. दोन्ही एकदम चालू राहतात का, ते दुकानातच करून दाखवायला सांगा. डबी गप्प राहिली तर टीव्हीचा डिजिटल आवाज 'पीसीएम'वर ठेवून बघा, काही डब्यांना डॉल्बी पद्धतीचा आवाज उलगडता येत नाही. आणि मशीनचा मायक्रोफोन पूर्ण बंद करू नका. आमच्याकडे तो अर्ध्यावर आहे, त्यामुळे मालिका चालू असतानाही आईला कुकरची शिट्टी कळते.

साउंडबार आता बारावर असतो. परवा रात्री अकराला पाणी प्यायला उठले तर तो बंदच होता. ऑप्टिकलवरचा आवाज साउंडबार बंद केल्यानं थांबत नाही. हॉलमध्ये नुसता पडद्याचा निळा उजेड, पंखा आणि आई. कुणीतरी पडद्यावर काहीतरी पुटपुटलं आणि ती एकटीच खुदकन हसली.

"काय म्हणाला?" मी विचारलं.

तिनं मला अख्खं वाक्य म्हणून दाखवलं.